मातीचा तीन मजली कंपोस्टर: 22 महिने वापरून झाल्यावर

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या या वस्तूबद्दल ऑनलाइन जे अभिप्राय आहेत, ते बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलेले आहेत. पॅकिंग छान, गॅलरीत शोभून दिसतो, एवढंच. पंधरा दिवसांत यात काहीच घडलेलं नसतं. पहिलं खत हातात यायला तीन महिने लागतात, आणि मडक्याचे खरे गुणदोष कळायला दोन पावसाळे जावे लागतात. म्हणून मी थांबलो होतो. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये संच घेतला, आता एप्रिल संपत आला. आता लिहायला हरकत नाही.

मी 31 वर्षं दापोडीच्या एसटी कार्यशाळेत मेकॅनिक होतो. कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठे झिजेल, कुठे तुटेल आणि घरी दुरुस्त करता येईल का, हे आधी बघतो. वही ठेवायची सवयही तिथलीच. या मडक्यांचीही वही आहे. पुढचे आकडे त्यातले आहेत.

वस्तू अशी आहे: भाजलेल्या मातीची तीन मडकी, एकावर एक बसणारी, वर झाकण. वरच्या दोन मडक्यांना बूड नाही, त्याजागी नायलॉनच्या दोरीची जाळी विणलेली आहे. सर्वांत खालच्याला बूड आहे. प्रत्येकाच्या अंगाला हवेसाठी भोकं. ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, ते भरलं की मधल्याशी अदलाबदल करायची, दुसरंही भरलं की आधीच्यातला अर्धा मुरलेला माल खालच्या मडक्यात ओतायचा आणि तिथे तो पूर्ण मुरू द्यायचा. सोबत पाच किलोची एक पावडरची पिशवी येते. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यात कचरा कुजवणारे जीवाणू. आम्हाला सगळं मिळून 3,200 रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा बनावटीचे संच आता बरेच जण विकतात आणि माझे मुद्दे सगळ्यांना लागू पडतील.

घ्यायचं कारण माझी लेक. ती तेव्हा शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. आम्ही पुण्यात बोपोडीला चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरात आम्ही तिघं. आमच्याकडे तेव्हा एकच बादली होती. भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, संपलेला सेल, सगळं तिच्यात. सकाळी कचरा घेणाऱ्या ताई यायच्या आणि जिन्यात बसून हाताने ते वेगळं करायच्या. मी रोज त्यांच्या बाजूने पायऱ्या उतरून दूध आणायला जायचो.

एक दिवस लेकीने विचारलं, "बाबा, डेपोत जुनं ऑईल आणि पत्रा एकाच पिंपात टाकता का हो?"

मी म्हणालो, "छे, असं कसं? ऑईलचं पिंप वेगळं, पत्रा वेगळा, टायर वेगळे, बॅटऱ्या तर कुलपात. लिलाव होतो त्यांचा."

"मग घरी का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेही ताणून धरलं नाही. माळ्यावरचा माझा ताणकाटा काढला आणि आदल्या दिवसाचा ओला कचरा पिशवीत घालून त्याला टांगला. 900 ग्रॅम भरला. "आपली वीस घरं आहेत," ती म्हणाली, "आणि ताई रोज येतात." अठरा किलो, चार मजले, त्यात आंबटाण. एवढं गणित मलाही येत होतं, पण तोवर मी ते कधी मांडलं नव्हतं. त्याच आठवड्यात संच मागवला.

आता सुरुवातीचा महिना. तो आमच्याकडे पूर्ण फसला, आणि नवीन घेणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच कंटाळून मडकी कुंड्या म्हणून वापरायला लागतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोबत एक घडीचं माहितीपत्रक येतं. त्यात लिहिलंय, कचरा टाका, वर मूठभर पावडर टाका, झाकण लावा. आम्ही तसंच केलं. पावसाळ्याचे दिवस, कोबीची पानं, भिजलेली मेथी, चहाचा चोथा, कलिंगडाची सालं. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर गटारासारखा वास. मडक्याच्या तळातून काळपट पाणी पाझरत होतं. माहितीपत्रकात यावर एकच उपाय होता: पावडर वाढवा. वाढवली. वास तसाच. बायकोने स्पष्ट सांगितलं की रविवारपर्यंत बघते, नाहीतर हे गॅलरीतून जाईल. तिचं चुकत नव्हतं. गॅलरीला लागूनच आमचं स्वयंपाकघर आहे.

लेक रात्री आली. तिने झाकण उघडून नाक आत घातलं. मला ते बघवेना. मग मला म्हणाली, "बाबा, गाडी काळा धूर कधी सोडते?"

"डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदला असेल."

"हेच झालंय इथे. ओलं म्हणजे डिझेल. नुसतं डिझेल ओतलंय, हवाच नाही. म्हणून जळत नाहीये, धुमसतंय."

कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण तिने मला त्याच रात्री समजावलं. कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे 25 ते 30 भाग लागतात. भाजीच्या सालीदेठांत नत्र आणि पाणी जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. नुसतं ओलं टाकलं की ढीग बसतो, मधली हवा निघून जाते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू ताबा घेतात. वास त्यांचा. वाळकी पानं कर्बही देतात आणि ढीग उचलून धरतात, फटी ठेवतात. म्हणजे एका सामानात दोन कामं. हे माहितीपत्रकात दोन ओळींत लिहिता आलं असतं.

तिने मला तीन वास ओळखायला शिकवलं. गटाराचा किंवा आंबट वास म्हणजे हवा कमी, खुरप्याने खालीवर करा आणि पानं टाका. मुतारीसारखा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, तेव्हाही पानंच टाका. पहिल्या पावसानंतर रानात येतो तो वास म्हणजे काम झालं. आणि ओलाव्याची परीक्षा हाताने घ्यायची: मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. अगदीच भुगा सुटला तर पाणी शिंपडा. इंजिनाचा आवाज ऐकून नोझल कुठलं गेलंय हे मला कळायचं, पण ते कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. माझ्या उस्तादाने कान धरून शिकवलं होतं. इथे उस्ताद एकवीस वर्षांची होती आणि मी साठीचा, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ती महाविद्यालयाच्या शेतावरून स्टीलच्या डब्यात अर्धा किलो अर्धवट मुरलेलं खत घेऊन आली. विरजण म्हणून. ते मिसळलं, बादलीभर वाळकी पानं मिसळली, आणि पाचव्या दिवशी वास गेला. बायकोने रविवारी काही म्हटलं नाही.

पानांबद्दल. आमच्या आवारात एक रेन ट्री आहे आणि एक देशी बदाम. रेन ट्रीची बारीक पानं यासाठी सर्वांत उत्तम, चुरगाळावीही लागत नाहीत. बदामाचं पान जाड, ते पोत्यात भरून पायाने तुडवून घ्यावं लागतं, नाहीतर तीन महिन्यांनीही तसंच बाहेर येतं. पूर्वी ही पानं झाडून कोपऱ्यात पेटवली जायची. घनकचरा नियमांप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं. आता फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत मी सहा पोती भरून जिन्याखाली ठेवतो, ती वर्षभर पुरतात. इमारतीतल्या आणखी दोन घरांनी मडकी घेतल्यापासून पोती बारा झाली आहेत. पेटवापेटवी आपोआप थांबली.

यामुळे पावडरचा खर्चही संपला. हिशोब सांगतो. पाच किलोची पावडर 300 रुपये, ती आम्हाला 25 दिवस पुरायची. वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे संचापेक्षा जास्त. विकणारे हे सांगत नाहीत. पहिल्या पिशवीनंतर पावडर घेण्याची गरज नाही. विरजण म्हणून खालच्या मडक्यातलं मूठभर खत वर टाकलं तरी चालतं, आठवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक शिंपडतो. पानं नसतील तर सुताराकडचा रंध्याचा भुसा घ्या, पण अस्सल लाकडाचा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात चिकटवणाचा अंश असतो.

अळ्या. दुसऱ्या महिन्यात मडक्यात चपट्या, मळकट रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या, शेकड्यांनी. घाबरायला होतंच. लेकीने सांगितलं की ही काळ्या सैनिक माशीची अळी आहे. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. वहीत नोंद आहे: त्या पंधरवड्यात मडकं जितकं खाली बसलं तितकं नंतर कधीच बसलं नाही. अडचण एकच. पूर्ण वाढल्या की त्या कोरडी अंधारी जागा शोधायला भोकांतून बाहेर पडतात आणि सकाळी गॅलरीभर फिरताना दिसतात. ज्यांना हे अजिबात सहन होणार नाही, त्यांनी पानांचं प्रमाण वाढवून माल जरा कोरडा ठेवावा. आमच्याकडे बायको त्या झाडून एका डब्यात घ्यायची आणि मागच्या गल्लीत कोंबड्या पाळणाऱ्या मावशींना द्यायची. कोंबड्या वाट बघत असायच्या.

लेकीचंही एकदा चुकलं आणि ते तिने लगेच मान्य केलं, हेही लिहितो. पहिल्या उन्हाळ्यात तिने शेतावरून गांडुळं आणून मधल्या मडक्यात सोडली. आठ दिवसांत सगळी गेली. माझ्याकडे रेडिएटरचं तापमान बघायचा जुना काट्याचा थर्मामीटर आहे, तो मी मालात खुपसला तर 43 अंश. गांडुळं 35 च्या वर टिकत नाहीत. ती म्हणाली, "बाबा, चूक माझी. शेतावरचा वाफा डोक्यात ठेवून मी मडक्यात टाकली. आधी मोजायला हवं होतं." तेव्हापासून तापमान मोजणं माझ्याकडे आलं. या मडक्यांत मी आजवर सर्वांत जास्त 47 अंश बघितलंय. शेतावरचा मोठा ढीग 55-65 पर्यंत जातो, कारण मोठ्या ढिगात उष्णता कोंडून राहते. मडकं लहान आणि सच्छिद्र, त्यातून ती निसटते.

याचा थेट परिणाम असा की बिया मरत नाहीत. आमच्या तुळशीच्या कुंडीत टोमॅटो उगवले, जास्वंदीखाली पपई, आणि एकदा कारलं. मला ते आवडतं, पण ज्यांना कुंडी नीटनेटकी हवी त्यांनी बिया बाजूला काढून टाकाव्यात. रोगट झाडाची पानंही या मडक्यात घालू नयेत, तेवढी उष्णता इथे तयार होत नाही.

आता वस्तूचे दोष. हा भाग मी मेकॅनिक म्हणून लिहितो.

पहिला, संच आला तेव्हा मधल्या मडक्याच्या काठाला तडा होता. फोटो पाठवले, उत्तर सहाव्या दिवशी आलं, बदली मडकं तिसऱ्या आठवड्यात. बदलून दिलं हे खरं, पण तोवर अख्खा संच अडून बसला. मातीची वस्तू घरपोच मागवताना हे गृहीत धरा. जवळ कुंभारवाडा असेल तर तिथे हा नमुना दाखवून करून घ्या, स्वस्त पडेल आणि तडा असला तर तिथेच दिसेल. बोटाच्या हाडाने वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे.

दुसरा, दोरीची जाळी. वरचं मडकं भरलं की आत नऊ-दहा किलो माल असतो. चौदाव्या महिन्यात जाळी लोंबली आणि एका रात्री अर्धा माल खाली उतरला. मी चार मिलीमीटरची नायलॉन दोरी आणून पुन्हा विणली, आडव्या-उभ्या सहा-सहा. तेव्हापासून तशीच आहे. सुतळी वापरू नका, सुतळी कचऱ्याबरोबर कुजते. दोरी नायलॉनची आहे हे लेकीला खटकतं. तिने काथ्याची दोरी लावून बघितली, ती चार महिने टिकली. यावर आमचं अजून एकमत नाही.

तिसरा, पाझर. भाजलेली माती माठासारखी झिरपते. उन्हाळ्यात हा गुण आहे, माल भिजून चिकट होत नाही. पण बाहेरच्या अंगावर पांढरे क्षार येतात आणि खालच्या फरशीवर डाग पडतो. आमच्या फरशीवरचा अजून गेलेला नाही. खाली ट्रे द्यायला हवा होता, तो देत नाहीत. मी जुन्या लोखंडी अँगलचं वीतभर उंच स्टँड वेल्ड केलं, रेड ऑक्साइड मारला, खाली परात ठेवली.

चौथा, झाकण. ते काठावर नुसतं टेकतं, फट राहते, त्यातून चिलटं जातात. आम्ही जुन्या सुती बनियनचा तुकडा इलॅस्टिक लावून आतून चढवतो आणि दर आठवड्याला धुतो. चिलटांचा प्रश्न मिटला. कंपनीला हे वीस रुपयांत देता येईल.

पाचवा, वजन. भरलेलं मडकं एकट्याने उचलू नका. साठी ओलांडलेल्यांनी तर अजिबात नाही. मी एकदा उचललं आणि आठवडाभर कंबर धरून बसलो होतो. माल घमेल्यात काढायचा, रिकामं मडकं सरकवायचं.

काय टाकावं आणि काय नाही याची मोठी यादी देत नाही, ती सगळीकडे मिळते. फक्त आमच्या अनुभवातल्या गोष्टी. दुधाच्या चहाचा चोथा धुऊन टाका, दुधामुळे चिलटं वाढतात. आंब्याची कोय आणि शेवग्याच्या शेंगेचा चावलेला चोथा फार सावकाश कुजतो, कोय तर आम्ही टाकतच नाही. अंड्याची टरफलं चुरून टाका. तेलकट रस्सा, हाडं, मासळी नको. लिंबाची सालं थोडी चालतात. निर्माल्य आवर्जून टाका, पण हाराचा दोरा काढून. हल्लीचा दोरा बहुतेक प्लॅस्टिकचा असतो आणि चाळणीत गुंता होऊन बसतो. गणपतीत दहा दिवसांच्या दूर्वा, जास्वंद, शेवंती मडक्यात गेली, आणि बायकोने त्या खतातली ओंजळभर पुढच्या वर्षी मूर्तीजवळच्या कुंडीत घातली. फुलं कचऱ्यात टाकल्याची खंत तिला दरवर्षी असायची. ती गेली, असं ती म्हणते.

माझं लहानपण कोरेगाव तालुक्यात गेलं. लोक म्हणतात, पूर्वी गावाला सगळं आपोआप व्हायचं, आपल्या आज्या हे जाणूनच होत्या. मला हे तितकंसं पटत नाही. आमच्या घरी उकिरडा होता, पण त्यात शेण आणि गोठ्यातलं गवत जायचं. स्वयंपाकघराचा ओला कचरा असा नव्हताच. साली म्हशीच्या घमेल्यात, उरलेली भाकरी कुत्र्याला. माझ्या आईला कर्ब-नत्र माहीत असण्याची वेळच आली नव्हती. बोपोडीच्या तिसऱ्या मजल्यावर म्हैस नाही. इथे जे करायचं ते नव्यानेच शिकावं लागलं, आणि ते शिकवायला माझ्या मागच्या पिढीतलं कुणी उपयोगाचं नव्हतं, पुढच्या पिढीतली लेकच होती.

तिने आणखी काय काय बदललं त्यातलं एकच सांगतो. दुधाची पिशवी फोडताना आम्ही कोपरा कापून टाकायचो. तो त्रिकोणी तुकडा इतका लहान असतो की तो वेचून पुनर्वापराला जातच नाही, गटारात नाहीतर मातीत राहतो. आता चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा, पिशवी विसळून वाळवायची. सुरुवातीला मी रोज विसरायचो. ती काही न बोलता कापलेला तुकडा माझ्या चहाच्या बशीत ठेवायची. महिनाभर.

आणि ताई. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 मध्ये उभी राहिली आणि 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. आमच्या ताई तिच्या सभासद आहेत. त्या आमच्याकडे कित्येक वर्षं येत होत्या, पण हे मला लेकीमुळे कळलं. सुका कचरा विकून मिळणारे पैसे हे त्यांच्या कमाईत मोजायचे असतात, आणि ओल्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, हेही. आता आमचा सुका माल कोरडा आणि वेगळा असतो. महिन्याची त्यांची फी आम्ही पूर्वीएवढीच देतो, ओला कचरा कमी झाला म्हणून ती कमी करायची नसते. मडकी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या दारात थांबून म्हणाल्या, "काका, तुमची बादली आता चिमटीत उचलते." वहीत त्या तारखेला मी हे वाक्य लिहून ठेवलंय. बाकी सगळे आकडे आहेत, वाक्य हे एकच.

शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर जात राहिला. तिथल्या गावांनी विहिरींचं पाणी नासलं म्हणून किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुणेकरांना माहीत आहे. कार्यशाळेतला माझा एक सहकारी त्या बाजूचा होता. डबा खाताना सांगायचा, आज गाव बंद आहे. मी दुसऱ्या गावची बातमी म्हणून ऐकायचो. हवा न मिळता दबून कुजणारा ओला कचरा मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. हे लेकीने सांगितलं तेव्हा मला नवव्या दिवशीचं आमचं मडकं आठवलं. तेच, पण डोंगराएवढं.

वहीतली बेरीज: 22 महिन्यांत मडक्यांत गेलेला ओला कचरा 431 किलो. चाळून निघालेलं खत 68 किलो. बाकीचं वाफ आणि वायू होऊन गेलं, काही अळ्यांच्या पोटात. उन्हाळ्यात एक खेप 70 दिवसांत होते, थंडीत 95. खत आमच्या अकरा कुंड्यांना पुरून उरतं. उरलेलं आवारातल्या झाडांना आणि ताईंच्या दारातल्या कढीपत्त्याला.

गुण द्यायचे तर: मडक्यांना पाचपैकी चार. जाळीला दोन. झाकणाला दोन. माहितीपत्रकाला एक, तोही छपाई स्वच्छ आहे म्हणून. ग्राहकसेवेला अडीच. किमतीच्या मानाने वस्तू टिकाऊ आहे आणि घरच्या घरी दुरुस्त होते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. प्लॅस्टिकचे डबे स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, एका शेजाऱ्यांकडे बघितलंय. दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघणाऱ्या घराला हा संच पुरतो. पाच-सहा माणसांच्या घराला दोन लागतील. घरात कुणीच तिसऱ्या दिवशी खुरपं हातात धरणार नसेल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. गॅलरीत दुपारचं थेट ऊन नको, पावसाची झड नको, हात पोचेल अशी जागा हवी.

गेल्या जुलैमध्ये लेक मृदाशास्त्र शिकायला राहुरीला गेली, महात्मा फुले कृषी विद्यापीठात. सुरुवातीला मी रोज मालाचा फोटो पाठवायचो आणि ती उत्तर द्यायची, पानं टाका, हवा द्या. हळूहळू तिने उत्तर द्यायचं सोडलं आणि उलट विचारायला लागली, "तुम्हाला काय वाटतं?" मुठीत दाबून बघतो आणि सांगतो. बहुतेक वेळा बरोबर असतं.

परवा तिचा फोन आला. वसतिगृहाच्या खानावळीमागे तिघी-चौघींनी मिळून एक खड्डा सुरू केलाय, कचरा खूप आहे, विरजण हवंय. विद्यापीठात खताला काय तोटा, मी म्हणालो. ती म्हणाली, "इथलं नको. आपल्या मधल्या मडक्यातलं आणा." रविवारी वाकडेवाडीहून सकाळची शिर्डी गाडी पकडतोय. तीन किलो काढून ठेवलंय, सुती पिशवीत, जरा ओलसर. सोबत तिचा तो स्टीलचा डबा परत न्यायचा आहे, 22 महिने आमच्याकडेच राहिला.